थाई आणि बर्मी पाहुणे एकाच पंगतीला बसवायचे तर

रत्नागिरीत मी बावीस वर्षं डबे केले. लेक मुंबईला गेला, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डबे बंद केले आणि वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले. येणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे. त्यांचं काय, आंबा, मासे, गणपतीपुळे, झालं. पण थंडीत दोन-चार खेपा अशा होतात की उतरलेला पाहुणा पहिला शब्द उच्चारतो तो "थिबा", म्हणजे इथे कैदेत राहिलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. ते बर्मी. आणि हल्ली माझ्याकडे बर्मी माणसांबरोबर त्यांचे थाई मित्र, थाई सुना, थाई जावईही येतात. आमच्याच आळीतल्या दोघींनी खोल्या काढल्यात. त्या विचारतात, यांच्याशी बोलायचं काय, त्यांना घालायचं काय. त्यांच्यासाठी हे लिहिते.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

पहिल्यांदा असा मिसळलेला गट आला तो एका प्रवासी कंपनीने धाडलेला. कागदावर "चायनीज ग्रुप, चार" असं लिहिलेलं. आल्या दोन बर्मी बहिणी, साठीच्या आसपासच्या, आणि उत्तर थायलंडातल्या चियांग माईचं एक थाई जोडपं. चौघांत एकही चिनी नाही. मी आदल्या रात्री मोबाईलवर वाचून ठेवलेलं, म्हणून पहिल्याच जेवणाला, सोलकढी वाढता वाढता, हुशारी दाखवली. बहिणींना म्हटलं, "तुमच्या राजाने यांची राजधानी अयुथया जाळली ना, १७६७ साली?" वाटलं, यजमानीणबाईंना काय काय माहीत म्हणून खूश होतील. धाकट्या बहिणीचा घास हातातच राहिला. ती हळूच म्हणाली, "आम्ही?" थाई बाईंनी ताटाकडे पाहिलं. पुढची पाच मिनिटं फक्त पंख्याचा आवाज.

वाचवलं थाई नवऱ्याने. तो म्हणाला, आमचं चियांग माई तर १५५८ पासून दोनशेहून जास्त वर्षं बर्मी राजांच्या ताब्यात होतं, आणि माझी आई सणाला जी डुकराच्या मटणाची आमटी करते ना, 'कैंग हांगले', ती मूळची बर्मी. थोरल्या बहिणीने मान वर केली. "हिन ले? त्यात आलं घालता का?" आलं, चिंच, मसाला, किती शिजवायचं, यावर दोघं अर्धा तास बोलले आणि मी गप्प बसून शिकले. लढाई लपवायची नाही, ती सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहे. पण सुरुवात जळालेल्या घरापासून करायची नाही, त्या घरातून काय काय बाहेर गेलं आणि कुठे रुजलं तिथून करायची.

दारात

बर्मी पाहुण्याला "मिंगलाबा" म्हणा. थाई पाहुण्याला बाई असाल तर "सवात्दी खा", पुरुष असाल तर "सवात्दी ख्रप". पाठ करायला सोपं आहे, कारण पहिल्यात आपलं 'मंगल' आहे आणि दुसऱ्यात 'स्वस्ति'. आपण लग्नपत्रिकेवर छापतो तेच दोन शब्द. हे मी दारातच सांगते आणि तिथेच अर्धं काम होतं.

हात जोडून नमस्कार थाई लोकांचा रोजचाच. बर्मी माणूस हात जोडतो तो मुख्यतः बुद्धमूर्तीला, भिक्षूंना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना. तुम्ही जोडलेत तर दोघांनाही आवडतं, बर्मी माणसाने उलट जोडले नाहीत तर राग धरू नका. लहान पोराच्या डोक्यावर टपली मारायची आपली सवय आवरा, डोकं दोघांकडेही मानाचं. पाय बुद्धमूर्तीकडे किंवा माणसाकडे करून बसू नये, हे आपल्याला सांगायला नकोच.

चपलांचं मात्र लक्षात ठेवा. थाई माणूस मंदिराच्या इमारतीत शिरताना पायताण काढतो. बर्मी माणूस पॅगोडाच्या आवारातच अनवाणी होतो, मोजेसुद्धा काढून. ही त्यांच्या अभिमानाची जागा आहे. मंडालेच्या दरबारात इंग्रज वकिलाने जोडे काढायचे की नाही यावरून १८७५-७६ च्या सुमारास एवढं बिनसलं की राजाची आणि वकिलाची भेटच बंद पडली. तो राजा मिंडोन, म्हणजे आपल्या थिबाचा बाप.

एक राहिलंच. "तुम्ही बर्मी ना?" असं ठोकून विचारू नका. म्यानमारचा पासपोर्ट असलेला माणूस शान असेल, मोन असेल, करेन असेल. शान लोक स्वतःला 'ताई' म्हणवतात, थाई लोकांचे ते भाऊबंद. 'शान' आणि 'सयाम' (थायलंडचं जुनं नाव) हे शब्दसुद्धा एकाच मुळाचे मानले जातात. तेव्हा "गाव कुठलं?" एवढंच विचारावं. कोकणात तरी आपण दुसरं काय विचारतो?

आणि दोन विषय पाहुण्याने काढल्याशिवाय काढू नका. थाई माणसापुढे त्यांच्या राजाबद्दल थट्टा नको, तिकडे तो कायद्याने गुन्हा आहे. बर्मी माणसापुढे १ फेब्रुवारी २०२१ नंतरचं, म्हणजे लष्कराने सत्ता घेतल्यानंतरचं, राजकारण नको. कुणाचं घर सुटलंय, कुणाचा मुलगा कुठे आहे, आपल्याला काय माहीत. मासळीच्या धंद्यातल्या माणसांची गोष्ट मात्र आपोआप निघते. बँकॉकच्या खाली समुत साखोन म्हणून मासळीचं मोठं ठिकाण आहे, तिथे कोळंबी सोलणारे, होडीवर जाणारे हात मोठ्या संख्येने बर्मी आहेत. मिरकरवाड्याच्या जेटीवर मी पाहुण्यांना घेऊन जाते तेव्हा आपल्या ट्रॉलरवरचे नेपाळी खलाशी पाहून थाई पाहुणे स्वतःहूनच मान हलवतात.

राजवाड्यात

थिबा पॅलेस दुपारी उन्हं उतरल्यावर दाखवा. जांभ्याच्या भिंती, सागवान, खिडक्यांच्या कमानीत रंगीत काचा, आणि समोर खाली भाट्याची खाडी. आत सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. पाहुणे वस्तूंपेक्षा लाकडाला हात लावून पाहतात.

गोष्ट थोडक्यात सांगायची. थिबा १८७८ ला गादीवर आला, नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये इथे आणलं. एप्रिल म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाचा महिना. राज्य केलं सात वर्षं, कैद भोगली एकतीस. त्यातली चोवीस वर्षं बंगल्यांत, राजवाडा तयार झाला तो १९१० ला, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. रत्नागिरीच का, असं पाहुणे हमखास विचारतात. तर रेल्वे नव्हती, पाठीशी सह्याद्री, पावसाळ्यात समुद्र बंद. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला पुढे १९९८ उजाडलं, हे सांगितलं की सगळे हसतात.

इथपर्यंत कुठलाही वाटाड्या सांगेल. थाई पाहुणा यात बाजूला पडतो, त्याचा काय संबंध? म्हणून मी तीन गोष्टी जोडते.

पहिली, नावाची. थिबा हे खरं तर गावाचं नाव. राजपुत्र असताना त्याला ज्या मुलुखाचं उत्पन्न तोडून दिलं होतं तो 'थिबॉ', शान लोकांच्या बोलीत सिपॉ. म्हणजे ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला जग ज्या नावाने ओळखतं ते एका ताई गावाचं. चियांग माईच्या पाहुण्याला हे सांगितलं तेव्हा तो भिंतीवरचा राजाचा फोटो पुन्हा एकदा बघून आला.

दुसरी, सयामचा राजा चुलालोंगकोर्न, पाचवा राम. थिबापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा, त्याच काळातला. १८७२ मध्ये तो हिंदुस्थान बघायला आला तेव्हा मुंबईलाही येऊन गेला. पाहुणा म्हणून. चौदा वर्षांनी शेजारचा राजा त्याच किनाऱ्यावर आला तो कैदी म्हणून. सयाम एका बाजूला इंग्रजांचा ब्रह्मदेश आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंचांचा इंडोचायना यांच्या बेचक्यात उरलं, तेही फ्रेंचांना आणि इंग्रजांना मुलुख तोडून देत देत. चुलालोंगकोर्न वारला १९१० च्या ऑक्टोबरात, म्हणजे थिबा या वाड्यात राहायला आला त्याच वर्षी.

तिसरी गोष्ट माझी आवडती. थिबाचं नाव निघालं की सगळे रंगूनला पुरलेल्या बहादूरशहा जफरची जोड देतात. बरोबर आहे, पण घासून गुळगुळीत झालीय. मी उथुम्फोनची देते. हा अयुथयाचा राजा, गादी भावाला सोडून भिक्षू झालेला. १७६७ मध्ये राजधानी पडली तेव्हा बर्मी फौजेने जी माणसं धरून नेली त्यात हाही होता. पुढे तो भिक्षू म्हणूनच अमरापुराला वारला आणि त्याची मानली जाणारी समाधी मंडालेजवळ आहे. ज्या राजाच्या फौजेने त्याला नेलं तो सिनब्युशिन, थिबाच्या खापरपणजोबांचा थोरला भाऊ. सयामचा एक राजा ब्रह्मदेशात पुरलेला, ब्रह्मदेशाचा एक राजा रत्नागिरीत. हे वरच्या सज्जात उभं राहून, आवाज न चढवता सांगावं. पुढे काही बोलू नये. पाहुण्यांना खाडीकडे बघू द्यावं.

लढायांचं काय

विचारलं तर सांगायचं, आणि थोडक्यात. १५४७ पासून तीनेकशे वर्षं अधूनमधून लढाया चालल्या. एक तर पांढऱ्या हत्तींवरून झाली: बर्मी राजा बयिन्नौंगने अयुथयाकडे दोन पांढरे हत्ती मागितले, ते मिळाले नाहीत, १५६३ ला फौज निघाली. हसू येतं, पण पांढरा हत्ती म्हणजे चक्रवर्तीपणाची खूण, मागणी म्हणजे मांडलिक हो असा निरोप. १५६९ ला अयुथया पहिल्यांदा पडली. तिथला राजपुत्र नरेसुआन पोरवयात पेगूच्या, म्हणजे बर्मी राजधानीच्या, दरबारी ओलीस राहिला, तिथेच लढायला शिकला, आणि परतून त्याच दरबाराशी लढला. आपल्या माणसांना कळावं म्हणून मी म्हणते, शाहूमहाराज मोगलांच्या छावणीत वाढले ना, तसं काहीसं.

१५९३ च्या लढाईत नरेसुआनने हत्तीवरून झुंज देऊन बर्मी युवराजाला मारलं, असं थाई सांगतात आणि १८ जानेवारीला सैन्यदिन पाळतात. बर्मी बखरी म्हणतात, युवराज गोळी लागून गेला. दोन्ही ऐकून घ्यायचं. पंचगिरी करायची नाही.

त्यापेक्षा पुतळ्यांची गोष्ट सांगा. काशाचे काही पुतळे, मूळचे कंबोडियातल्या अंगकोरचे. १४३१ ला अयुथयाने अंगकोर लुटलं आणि ते सयामात आले. १५६९ ला बयिन्नौंगने ते पेगूला नेले. १६०० च्या आसपास पश्चिमेच्या आराकानच्या राजाने पेगू लुटलं, पुतळे त्याच्या राजधानीत, म्राउक-ऊला. १७८४-८५ मध्ये बर्मी राजा बोदॉपयाने आराकान जिंकलं, पुतळे त्याच्या राजधानीत. हा बोदॉपया म्हणजे थिबाचा खापरपणजोबा. आता ते मंडालेच्या महामुनी मंदिरात आहेत. त्यांचं तिथे काय चालतं? लोक चोळतात. तुमचा गुडघा दुखत असेल तर पुतळ्याचा गुडघा चोळायचा, पोट दुखत असेल तर पोट. चोळून चोळून तेवढ्या जागा चकचकीत झाल्यात. थोरल्या बहिणीने मला हे सांगितलं तेव्हा मी जिना चढताना दोनदा थांबले होते. ती म्हणाली, "मंडालेला या, तुमच्या वाटणीचं मी चोळते तोवर."

चार राजांनी लुटलेला माल, आणि शेवटी गुडघेदुखीवरचा उपाय. या गोष्टीवर थाई, बर्मी आणि मी, तिघंही एकदम हसलो होतो.

राम, आणि ब्रह्मचारी नसलेला हनुमान

बर्मी भाषेत थाई माणसाला जुना शब्द 'योदया'. तो आला अयुथयावरून. अयुथया आली आपल्या अयोध्येवरून. म्हणजे रामाची नगरी पूर्वेला जाता जाता तिचा एक एक तुकडा गळत गेला. पाहुण्यांना हे तीन शब्द कागदावर एकाखाली एक लिहून दाखवा, फोटो काढून नेतात.

१७६७ च्या कैद्यांत नर्तक होते, गवई होते, मुखवट्याचा खेळ करणारे होते. त्यांनी बर्मी दरबारात आपलं रामायण, म्हणजे 'रामाकियन', नाचून दाखवलं. त्यातून बर्मी 'यामा झातडॉ' उभं राहिलं. यामा म्हणजे राम, थिदा म्हणजे सीता. बर्मी जुन्या संगीतात गाण्यांचा एक अख्खा प्रकारच 'योदया' नावाचा आहे. म्यावडी मिंजी ऊ सा नावाचा दरबारी सरदार होता, त्याने सयामी चाली घेऊन गाणी बांधली. थोरली बहीण भांडी विसळताना एक चाल गुणगुणायची. विचारलं तर म्हणाली, योदया. थाई बाई म्हणाल्या, ओळखीची वाटते पण शब्द कळत नाहीत.

त्यांना आपलं नमन, म्हणजे गावातला सोंगांचा खेळ, दाखवायची सोय झाली तर जरूर दाखवा. शिमग्याच्या आसपास आले तर गावोगाव होतं. संकासुराची लांब लाल जीभ बघून लहान-थोर सगळे खूश, आणि दहा तोंडांचा रावण नाचत आला की थाई पाहुणा ओरडतोच, "थोत्साकान!" म्हणजे दशकंठ. त्यांच्या 'खोन' नावाच्या मुखवट्याच्या नाचात तो हिरव्या तोंडाचा असतो.

एक सावधगिरीची सूचना. थाई हनुमान ब्रह्मचारी नाही. चांगला रंगेल आहे, मत्स्यकन्येशीसुद्धा त्याचं जुळतं. हे आमच्या शेजारच्या आजोबांपुढे थाई पाहुण्याने कौतुकाने सांगितलं. आजोबा दर शनिवारी मारुतीला तेल घालणारे. त्यांनी फक्त विचारलं, "आणि लंका कधी जाळतो मग?"

चुलीपाशी

माझं खरं काम इथलं, म्हणून जरा सविस्तर.

दोघांना एकाच भांड्यातून जेवू घालायचं असेल तर नारळाच्या दुधातल्या नूडल्स करा. बर्मी लोकांची 'ओन-नो खाउक-स्वे' आणि चियांग माईकडची 'खाउ सोय' या बहिणी-बहिणी शोभाव्यात अशा आहेत. कोण कुणाची मुलगी या वादात मी पडत नाही. नारळ आपल्या दारात, मग अडलंय काय.

सहा माणसांना दोन मोठे नारळ. खवून पहिलं जाड दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं. पाऊण किलो कोंबडी, हाडं काढून बारीक तुकडे, हळद-मीठ लावून ठेवा. चार कांदे, एक गड्डा लसूण आणि बोटभर आलं वाटून तेलात तेल सुटेतो परता. त्यात हळद, थोडं लाल तिखट, मग कोंबडी. पातळ दूध आणि दोन तांबे पाणी घालून शिजू द्या. आता बर्मी खुबी: चार चमचे बेसन कोरडं भाजून, गार पाण्यात गुठळी न होता कालवून, आमटीला लावा. पिठल्याच्या वाटेवर जाईल असं वाटतं, तिथेच थांबा. जाड दूध सगळ्यात शेवटी, आणि नंतर खळखळून उकळू देऊ नका, फुटतं. हे कोकणातल्या बाईला सांगायला नको, पण मुंबईची सूनबाई वाचत असेल तर तिच्यासाठी.

आता भांडं दोन करा. एका भांड्यातली आमटी आहे तशी, बर्मी. दुसऱ्यात धणे-जिऱ्याची पूड आणि थोडं जास्त तिखट तेलात परतून सोडा, ती थाई वळणाची. नूडल्स उकडून घ्या, मूठभर कच्च्या राखून तळून कुरकुरीत करा. त्या थाई वाडग्यावर पडतात. बर्मी वाडग्यावर उकडलेलं अंडं, तळलेला कांदा. लिंबू, कच्चा कांदा, भाजलेल्या मिरचीचा चुरा दोघांनाही. थाई लोक यात मोहरीच्या पाल्याचं लोणचं घेतात, ते आपल्याकडे नसतं. मी खारातल्या कैरीच्या फोडी ठेवते. आजवर कुणी तक्रार केली नाही, उलट बरणी मागतात.

आंबवलेल्या कोळंबीचा गोळा दोघांचाही जीव की प्राण. बर्मी त्याला 'ङपी' म्हणतात, थाई 'कपी'. आपल्याला तो मिळत नाही. सुका जवळा भाजून, कुटून, मिरची-लसणीबरोबर चटणी करून ठेवली की पाहुण्याचा चेहरा घरी पोचल्यासारखा होतो. चहाची पानं मुरवून खायची चालही दोघांकडे आहे, बर्मी 'लफेट' आणि उत्तर थायलंडात 'मियांग'. कुणी डबा काढून पुढे केला तर चिमूटभर घ्या. आधी कडू लागतं, मग लागत नाही.

बीफ खाता का असं आधी विचारा, पुष्कळ बर्मी खात नाहीत. शेतात राबणारा बैल कसा खायचा, असं त्यांचं म्हणणं. आणि आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, आपल्या चातुर्मासात, त्यांचाही वर्षावास असतो. कुणी त्या काळात मांस सोडलेलं असतं. अर्थात जुलैच्या पावसात रत्नागिरीला येणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. वर्षावास संपतो तो आपल्या कोजागिरीला, तेव्हा बर्मी लोक दिवे लावतात. कार्तिकी पौर्णिमेला थाई माणसं पाण्यात दिवे सोडतात, आपण त्रिपुर लावतो. एप्रिलच्या मध्यावर थाई 'सोंगक्रान' आणि बर्मी 'थिंजान', एकमेकांवर पाणी उडवायचा सण. दोन्ही शब्दांत आपली संक्रांत लपलेली आहे. दिनदर्शिका पुढे ठेवून हे दाखवलं की जेवण लांबतं. दुपारच्या झोपेवर पाणी सोडायची तयारी असेल तरच काढा.

जन्मवारही विचारा. दोघांनाही आपला वार पक्का माहीत असतो, आणि दोघांकडेही बुधवारचे दोन वार धरतात, बर्मी लोकांत दुपारनंतरचा राहूचा, थाई लोकांत रात्रीचा. बर्मी माणूस मग आपल्या वाराचा प्राणी सांगतो, सोमवारचा वाघ, शनिवारचा नाग. थाई माणूस रंग सांगतो, सोमवारचा पिवळा, मंगळवारचा गुलाबी. नवरात्रात नऊ रंगांच्या साड्यांसाठी धावणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

संध्याकाळी

माझं माहेर मंडणगड तालुक्यातलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात. घरात संध्याकाळी वंदना होते, ती मी सासरीही सोडली नाही. पाहुणे असले म्हणून कधी मोठ्याने म्हणत नव्हते. त्या बहिणी असताना सवयीने आवाज चढला: नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स. जिन्यात पावलं थांबली. थोरली बहीण खाली आली, भिंतीशी पाय मागे दुमडून बसली आणि दुसऱ्या वेळेपासून माझ्याबरोबर म्हणायला लागली. तिच्या तोंडी 'स' चा 'थ' होत होता, तस्सचं तत्थ, संबुद्धचं थंबुद्ध. मग थाई नवरा आला. त्याच्या तोंडी भगवतोचं 'फखवतो', बुद्धस्सचं 'फुत्थस्स'. तीन वेळा म्हणायचं असतं ते आम्ही तीन उच्चारांत, अडखळत, एकमेकांना सांभाळून घेत म्हटलं. थाई बाई शेवटच्या ओळीला आल्या, हात ओले, केस पुसत.

दोघांनाही हा धर्म देण्यात मोन लोकांचा मोठा वाटा, आणि बर्मी लिपीचं वळणही त्यांचंच, हे मला त्या रात्री कळलं. बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेला रंगूनला गेले होते, हे मी त्यांना सांगितलं. माझ्याकडे सांगायला निदान तेवढं तरी होतं.

तुमच्या घरात वंदना नसेल तर ओढूनताणून करू नका. देवघरातली समई लावा, पुरे. बौद्ध लेणी बघायची असतील तर दापोलीकडची पन्हाळेकाजी दाखवा, एक दिवस मोकळा ठेवून.

समाधीवर जाताना

शिवाजीनगर भागात थिबाची समाधी आहे, शेजारी धाकट्या राणीची. थोरली राणी सुपयालात १९१९ ला परत गेली आणि रंगूनला वारली. थोरली राजकन्या मात्र इथलीच झाली. वाड्यावरच्या एका मराठी नोकराशी तिचं जुळलं, तिची मुलगी टूटू याच गावात वाढली, मराठी बोलली, पोराबाळांची झाली. धरून आणलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे बघायला मंडालेपर्यंत जायला नको. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीवर येऊन गेले, तेव्हा रस्त्यावर केवढी गडबड होती. एरवी शांत असतं. चौथरे साधे आहेत, पाहुण्याला आधी कल्पना द्या, नाहीतर राजाची समाधी म्हणून काहीतरी भव्य डोळ्यांपुढे घेऊन येतात.

सकाळी जा, ऊन चढायच्या आत. फुलं, उदबत्ती ते स्वतः घेतात. तुम्ही घरून एक तांब्या पाणी आणि एक वाटी न्या. पुण्य मेलेल्या माणसाला पोचावं म्हणून पाण्याची धार सोडायची रीत थाई आणि बर्मी दोघांतही आहे. धार हळू, तुटू न देता, तोंडाने पाली म्हणत. साक्षीला वसुंधरा असते, दोघांकडेही, केस पिळून पाणी काढणारी. आपण दान देताना उदक सोडतो, तसंच.

त्या सकाळी तांब्या थोरल्या बहिणीने धरला. हात थरथरायला लागला तेव्हा थाई बाईंनी खालून आधार दिला आणि धार तशीच चालू राहिली. वाटी भरली की ते पाणी कुठल्याही झाडाच्या बुंध्याशी ओतायचं, रस्त्यावर नाही. तांब्या आठवणीने परत आणा. माझे दोन तिथेच राहिले.